तांत्रिक कारणास्तव

५ मार्च, मंगळवार

बैठकीचं इतिवृत्त लिहिणारी मंडळी माझ्या तोंडी नेहमी दुसऱ्याचंच काहीतरी घालतात. मागच्या वर्षी मी नुसतं "बघू" म्हणालो होतो, तर छापून आलं, "सहर्ष पाठिंबा दर्शवला". तेव्हापासून कानाला खडा. आता जे घडेल ते त्याच दिवशी या वहीत लिहायचं आणि वही कपाटात कुलूप लावून ठेवायची. किल्ली कुठे आहे ते बायकोलाही सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही, याचं जरा नवल वाटतं.

आज पाच देशांच्या बँकांची बैठक आमच्याकडे झाली. म्हणजे नोटा छापणाऱ्या, चलनाचा भाव ठरवणाऱ्या सरकारी बँका. मी आमच्या बँकेच्या विनिमय विभागाचा प्रमुख. बावीस वर्षं रोज सकाळी नऊला मी आमच्या चलनाचा दर लावत आलो आहे. पाचही बँकांचे दर एकाच पडद्यावर, एकाखाली एक, नऊच्या ठोक्याला उमटतात. जगातली सगळी पेढीवाली मंडळी तो पडदा बघत असतात, पण आम्ही पाच जण जितक्या बारकाईने एकमेकांचे दर बघतो तितकं कोणीच बघत नसेल.

भानगड अशी आहे. आम्ही पाचही देश माल बनवतो आणि समुद्रापलीकडचं मोठं गिऱ्हाईक तो विकत घेतं. गिऱ्हाईक स्वतः फारसं काही विकत नाही. मालाच्या बदल्यात रोखे देतं, म्हणजे पुढे कधीतरी पैसे देईन अशा चिठ्ठ्या. आमच्या तिजोऱ्या त्या चिठ्ठ्यांनी गच्च भरल्या आहेत. आपलं चलन स्वस्त ठेवलं की माल गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो आणि कारखाने चालतात. उलट आपल्याच लोकांना बाहेरची औषधं, यंत्रं, तेल सगळं महाग पडतं. आता गिऱ्हाईक खवळलं आहे. पाचांनी आपापल्या चलनाचा भाव वाढवावा, नाहीतर तुमच्या मालावर जबरी जकात लावतो, अशी तंबी आली आहे. आम्ही वाढवायला तयार आहोतच. पण एकट्याने वाढवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात जाणार. त्यामुळे पाच वर्षं आम्ही पाचही जण "आधी तुम्ही" म्हणत दारातच उभे आहोत.

आज शेजारच्या देशाच्या विनिमय प्रमुख बाईंनी सरळ सांगून टाकलं, की पाचही जणांनी एकाच सोमवारी, एकाच वेळी, शेकडा सहाने भाव वाढवायचा. पंचवीस मार्च, सकाळी नऊ. बाकीच्या तीन देशांपैकी बेटवाल्यांनी मान डोलावली. डोंगरवाले म्हणाले, तत्त्वतः मान्य. बंदरवाल्याने टाळ्या वाजवल्या, आणि तो माणूस टाळ्या वाजवतो तेव्हा मी आधी माझा खिसा चाचपतो.

सगळे इतक्या झटकन तयार कसे झाले? यात कुठेतरी पाणी मुरतंय.

६ मार्च

बैठकीचा दुसरा दिवस. चहाच्या सुट्टीत शेजारच्या बाई आपल्या थर्मासमधला चहा घेऊन माझ्याकडेच आल्या. खिडकीपाशी बेटवाले उभे होते, डोंगरवाले होते, त्यांना सोडून माझ्याकडे. कपात चहा ओतत म्हणाल्या, "तुमच्याकडचा चहा कडू असतो हो, राग मानू नका."

मी म्हटलं, "राग कसला."

"एक सांगते. आमच्या गव्हर्नरांना हे अजिबात पटलेलं नव्हतं. मी शब्द दिलाय, की चौघेही माझ्याबरोबर येतील. तुमच्यापैकी कोणी मागे फिरलं तर मला घरी बसावं लागेल. माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

"असं का म्हणता? सगळ्यांनी होकार दिलाय."

"बेटवाल्यांचं मला माहीत नाही. तुम्ही कराल, याची खात्री आहे. तुम्ही उगाच हो म्हणणारे नाही."

आपली नोकरी पणाला लागली आहे हे कोणी समोरच्या पक्षाला सांगतं का? बावीस वर्षांत मी असं ऐकलेलं नाही. एक तर बाई फार कच्च्या आहेत, किंवा फारच पक्क्या. माझा कल दुसरीकडे आहे. चहा चांगला होता.

१० मार्च, रविवार

ताई आणि दाजी जेवायला आले होते. दाजींचा हातमोज्यांचा कारखाना. वेल्डिंगवाले, दगड फोडणारे, कोल्ड स्टोरेजमधले लोक घालतात ते जाड मोजे. एकशेचाळीस माणसं कामाला, त्यातल्या शंभरावर बायका शिवणकामावर. सगळा माल मोठ्या गिऱ्हाइकाकडे जातो. शेजारच्या देशातही हेच मोजे होतात, आणि खरेदीवाला जोडीमागे चार पैसे कमी दिसले की तिकडे वळतो. नवीन यंत्रांसाठी दाजींनी राहतं घर गहाण टाकलं आहे, हे मला आजच कळलं. ताईने ते स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळूच सांगितलं.

जेवताना दाजी म्हणाले, "पेपरात काहीबाही येतंय. भाव वाढवताय म्हणे."

"पेपरवाल्यांना काय, रकाने भरायचे असतात."

"बघा हो. सहा टक्के वाढला तर माझा नफाच सहा टक्के आहे. मी हातमोजे शिवायचे की हात चोळत बसायचं?"

मी हसण्यावारी नेलं. पण पेपरात सहाचा आकडा कुठेच नव्हता, मी पुन्हा जाऊन पाहिलं. यांना सहा कोणी सांगितला? कार्यालयातून कोणीतरी फोडतंय. आमचा लिफ्टवाला बैठकीच्या दिवशी तीनदा चौथ्या मजल्यावर उगाचच थांबला होता, त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं. नंतर बायको म्हणाली, की शेकडा सहा नफा असल्याचं दाजी गेल्या वर्षभर येईल त्याला सांगत आहेत. तेही असेल.

दाजींच्या कारखान्याचा आणि माझ्या मताचा काडीमात्र संबंध नाही. लिहून ठेवलेलं बरं.

१४ मार्च

गव्हर्नरांनी एकट्याला बोलावलं. दार लावून घेतलं, फोन उचलून बाजूला ठेवला.

"शेजारी खरंच वाढवतील?"

मी म्हटलं, "मला शंका आहे, सर."

"कशावरून?"

नेमकं कशावरून, ते मला सांगता येईना. बाई जास्तच मोकळेपणाने बोलतात, एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली. असल्या गोष्टी त्यांना पटतात, म्हणून तर ते गव्हर्नर झाले.

मग मी पंधरा मिनिटांचा मार्ग सुचवला. पडद्याची सोय अशी आहे, की दर लावायला काही अडचण आली तर बँकेने तिथे "तांत्रिक कारणास्तव विलंब" एवढी ओळ टाकायची. मग पंधरा मिनिटं कालचाच दर चालतो आणि कोणी जाब विचारत नाही. यंत्र बिघडलं, वीज गेली, अशा वेळेसाठी ठेवलेली सोय. नऊला ती ओळ टाकायची, बाकीच्या चौघांचे दर बघायचे, त्यांनी वाढवले असतील तर सव्वानऊला आपणही वाढवायचे. शब्दही मोडला नाही आणि दगडाखाली हातही नाही.

"नामी आहे," गव्हर्नर म्हणाले. "मात्र हे कागदावर येऊ देऊ नका."

ते कागदावर नको म्हणाले, म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.

१९ मार्च

शेजारच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, "आम्ही नऊला एक सेकंदही थांबणार नाही. आमचा दर आजच भरून ठेवलाय यंत्रात. तुम्हाला शंका राहू नये म्हणून सांगते."

मी म्हटलं, "आम्हाला कसली शंका?"

त्या हसल्या. "तुम्हाला नसेल. मला रात्री झोप येत नाही. एकदा दर लावला की तीन महिने खाली आणायचा नाही, हा नियम आपणच केलाय. सगळे आले तर ठीक, नाहीतर मी तीन महिने फाशीवर."

फोन ठेवल्यावर मी माझ्या हाताखालच्या दशांशला विचारलं, यातून त्याला काय दिसतं. पोराचं नाव वेगळं आहे, पण चहाची साखरसुद्धा तो दशांश चिन्हानंतर चार घरं मोजून घालेल, म्हणून दशांश. तो म्हणाला, "त्यांनी दर भरून ठेवलाय असं दिसतं, साहेब."

"अरे, पण हे आपल्याला का सांगतायत?"

"म्हणजे आपणही भरावा म्हणून."

हुशार आहे, पण अनुभव नाही. आपण आधी उडी मारावी म्हणून त्या काठावर उभं राहून पाण्याचं कौतुक करत आहेत, हे त्याला दिसत नाही.

२१ मार्च

बायकोने आज विचारलं, "भाव वाढला तर आईचं औषध स्वस्त होईल ना?"

सासूबाईंच्या दम्याची औषधं बाहेरून येतात, आणि त्यांच्या पेन्शनमधलं निम्मं त्यातच जातं. मी विचारलं, "तुला कोण म्हणालं?"

"औषधांच्या दुकानदाराने सांगितलं. रांगेत सगळे तेच बोलत होते."

"दुकानदाराला कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "तुम्ही एकदा तरी माझ्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नाशिवाय द्याल का?"

होईल, म्हणालो. शेकडा पाच-सहाने.

२३ मार्च, शनिवार

दुपारी ताईचा फोन. सहा महिन्यांच्या मालाचा करार आला आहे, भाव ठरलेला. दाजी आजच सही करायचं म्हणत आहेत. ताई म्हणाली, "करू दे ना? तू काही बोलत नाहीस म्हणून मला धाकधूक वाटते."

मी म्हटलं, "सोमवारी दहानंतर करा म्हणावं. कारण विचारू नकोस."

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "देव तुझं भलं करो."

यात गुप्त असं मी काही फोडलेलं नाही. सोमवार सकाळ कोणालाही शनिवार दुपारपेक्षा चांगलीच. भाऊ म्हणून एवढं सांगायला नको का? उद्या तिच्या घरावर जप्ती आली तर बँक येणार आहे का तिला आसरा द्यायला?

लिफ्टवाल्याची बदली तळमजल्यावर करायला सांगितली आहे.

२५ मार्च, सोमवार

सकाळी आठ चाळीसला खोलीत होतो. मी, दशांश आणि यंत्रावरची बाई. खोलीचं दार आतून लावलं. गव्हर्नरांचा फोन चालू ठेवला होता. दशांशने दोन दर तयार ठेवले होते, एक जुना आणि एक शेकडा सहाने वाढवलेला. मी त्याला म्हटलं, "दोन्ही बाजूला ठेव. विलंबाची ओळ टाक."

त्याने माझ्याकडे बघितलं. "यंत्र तर नीट आहे, साहेब."

"ओळ टाक."

नऊ वाजले. पडदा भरला.

बेटवाले: तांत्रिक कारणास्तव विलंब. डोंगरवाले: तांत्रिक कारणास्तव विलंब. बंदरवाले: तांत्रिक कारणास्तव विलंब. त्याखाली आम्ही, तेच. चार देशांची यंत्रं एकाच सेकंदाला बिघडली होती. आणि सगळ्यात खाली शेजारच्या देशाचा दर होता, बोलल्याप्रमाणे वाढवलेला.

"सहा पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य," दशांश म्हणाला.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की त्यांच्याकडे चुकून लागला असेल. मग वाटलं, हाही डावच, दहा मिनिटांत काहीतरी निमित्त काढून मागे घेतील. मी पडद्यावरून डोळे हलवले नाहीत. नऊ पाच झाले, नऊ आठ झाले. त्यांनी मागे घेतला नाही.

नऊ बाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. नंबर बाईंचा. मी दशांशला खूण केली. त्याने उचलला आणि म्हणाला, "साहेब यंत्रवाल्यांबरोबर आहेत." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "हो. हो, सांगतो." फोन ठेवून मला म्हणाला, "त्या म्हणाल्या, काळजी करू नका, यंत्र दुरुस्त होईपर्यंत आम्ही आहोत इथे."

दुसऱ्या फोनवर गव्हर्नर विचारत होते. "बेटवाले?"

"थांबलेत, सर."

"डोंगरवाले?"

"थांबलेत."

"मग आपण एकट्यानेच शहाणपणा कशाला करायचा?"

एकट्याने नव्हे, शेजारी आहेत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आलं होतं हे खरं आहे, पण मी बोललो नाही. सव्वानऊला आम्ही जुना दर लावला. एका मिनिटाच्या आत बाकीच्या तिघांनीही जुनाच लावला. वाटच बघत होते लेकाचे.

दशांश हळूच म्हणाला, "साहेब, आपण लावला असता तर दोन झाले असते. मग कदाचित तिसरा..."

"तुझं काम आकडे वाचायचं," मी म्हणालो.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. बेटवाले, डोंगरवाले, बंदरवाले दगा देतील असं मला वाटत होतं आणि त्यांनी दिला. म्हणजे माझा संशय चारातल्या तिघांबाबत अगदी बरोबर निघाला. हे प्रमाण वाईट नाही. तरी जेवण गेलं नाही.

२ एप्रिल

दाजी फळांची मोठी करंडी घेऊन आले. खरेदीवाल्याने शेजारच्या देशातली सगळी मागणी काढून घेतली आणि निम्मी दाजींना दिली. तिसरी पाळी सुरू करणार आहेत. "तुझ्यामुळे घर वाचलं रे," म्हणत ताईने माझा हात धरला आणि रडली. मला खूप बरं वाटलं. त्यात खोटं काही नाही.

बायको फळं धूत होती. मागे न बघता म्हणाली, "आईच्या औषधाचं मग राहिलंच."

१८ एप्रिल

पेपरात आतल्या पानावर चार ओळी. शेजारच्या देशात विनिमय विभागाच्या प्रमुख बाईंना चौकशीनंतर पदावरून दूर केलं. त्यांच्या देशात तीन आठवड्यांत मोजे आणि कापडाचे साठ कारखाने बंद पडले. दर खाली आणता येत नाही, नियम आहे. नियमाच्या मसुद्यावर माझीही सही आहे.

दशांशने तो पेपर माझ्या टेबलावर घडी घालून ठेवला होता, बातमी वर येईल अशी. मी त्याला विचारलं, यातून तुला काय सुचवायचंय? तो म्हणाला, "काही नाही साहेब, रोज ठेवतो तसाच ठेवला." रोज तो पहिलं पान वर ठेवतो.

६ मे

मोठ्या गिऱ्हाइकाने जकात लावली. पाचही देशांवर, सरसकट शेकडा वीस. शेजाऱ्यांनी बिचाऱ्यांनी भाव वाढवला होता, त्यांनाही तीच. कुठल्या चौघांनी फसवलं आणि कोण पाचवा खरा वागला, हे बघत बसायला गिऱ्हाइकाला वेळ नाही. दाजींचा करार रद्द झाला. पासष्ट बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घर अजून गहाणच आहे.

दाजींचा फोन आला होता. म्हणाले, "आता तरी वाढवा म्हणावं भाव, म्हणजे जकात उठेल. सहा परवडले रे, वीस नाही परवडत."

मी म्हटलं, बघतो.

२१ मे, मंगळवार

पुन्हा पाचांची बैठक, या वेळी बंदरवाल्यांकडे. या खेपेला आमचा हेतू शंभर टक्के स्वच्छ आहे. गव्हर्नरांनी लेखी अधिकार दिला आहे, कागदावर, सहीशिक्क्यासह. सोमवारी नऊला शेकडा सहा, विलंब नाही, काही नाही. पाचही जणांनी एकदम वाढवला तर जकात उठवू, शेजाऱ्यांचे मार्चमधले सहा त्यात धरणार नाही, असं गिऱ्हाइकाने कळवलं आहे.

मी उभा राहून सांगितलं. "आम्ही नऊला एक सेकंदही थांबणार नाही."

डोंगरवाले कागदावर रेघा मारत होते. बेटवाल्याने विचारलं, "तुमचं यंत्र दुरुस्त झालं का?" आणि सगळे हसले, अगदी मनापासून. त्याचंही यंत्र त्याच दिवशी बिघडलं होतं, पण हसायला तो पहिला.

बाईंच्या खुर्चीत आता एक तरुण माणूस आहे. टाय घट्ट, बोलणं मोजून. मी चहाच्या वेळी मुद्दाम त्याच्यापाशी गेलो. म्हटलं, "हे बघा, आमच्याकडे लाखभर माणसं घरी बसलीत. माझ्या सख्ख्या बहिणीचं घर जायची वेळ आलीय. आम्ही खरंच वाढवणार आहोत."

तो माझ्याकडे बारीक डोळे करून बघत राहिला. कोणीतरी बाजूने चहा दिला, तो त्याने तसाच धरून ठेवला.

"हे तुम्ही मला का सांगताय?" तो म्हणाला.

ठराव झाला, तत्त्वतः. बंदरवाल्याने टाळ्या वाजवल्या. पाचही जण सोमवारी पंधरा मिनिटं थांबणार, असंच त्या खोलीतला प्रत्येक जण धरून चालला होता. माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. मला संताप आला, आणि लाजही वाटली. आधी काय वाटलं ते नीट आठवत नाही.

२४ मे, शुक्रवार

तीन दिवस विचार केला. त्या तरुणाच्या गव्हर्नरांनी मनावर घेतलं तर शेजारी आमच्याबरोबर उभे राहतील. दोन झाले, तर तिसरा येईल. त्या गव्हर्नरांशी माझी ओळख नाही. पण बाईंची आहे. पद गेलं तरी बावीस-चोवीस वर्षांची ओळख जात नाही.

दशांशकडे बाईंच्या घरचा नंबर होता. कसा काय होता, हे मी विचारणार होतो, पण विचारलं नाही.

फोन त्यांनीच उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती. आवाज ओळखून म्हणाल्या, "अरे वा. बोला, कसे आहात?" मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांनीच मग विषय काढला. "सोमवारी पुन्हा आहे म्हणे."

मी सगळं सांगितलं. कारखाने, जकात, ताईचं घर. या वेळी आम्ही नक्की वाढवतोय, पण कोणी ऐकून घेत नाही. तुमच्या गव्हर्नरांकडे तुम्ही एक शब्द टाकलात तर.

त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ठेवतील फोन. ठेवला असता तर बरं झालं असतं.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "चौकशीत मला तेच पुन्हा पुन्हा विचारत होते. चौघांपैकी तुमच्यावर मी सगळ्यात जास्त भरवसा टाकला होता ना. ते म्हणत होते, त्या माणसाने तुम्हाला शेंडी लावली, तेवढं मान्य करा, नोकरी वाचेल. फसवणूक झाली असं लिहून दिलं की तुमचा दोष राहत नाही. मी नाही लिहून दिलं. म्हटलं, तो माणूस शब्द फिरवणारा नाही. त्यांचं यंत्र खरंच बिघडलं असणार, नाहीतर वरून अडवलं असणार. तसंच होतं ना?"

खोलीत मी एकटाच होतो. दार लावलेलं होतं. कोणी ऐकत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "वरून अडवलं."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते मला फोनवरसुद्धा कळलं. "बरं झालं विचारलं. मनात कुठेतरी सलत होतं. आमच्या गव्हर्नरांकडे मी उद्या सकाळीच जाते. माझं ऐकतात अजून. सांगते त्यांना, की सोमवारी बिनधास्त लावा, मी त्या माणसाला ओळखते."

फोन ठेवल्यावर यात बाईंचा काय डाव असेल ते शोधत बसलो. त्यांना पुन्हा पद हवं असेल, असं वाटलं; पण असं मधे पडून गेलेलं पद परत मिळत नाही, उलट त्यांना फटकाच बसेल. बोलणं टिपून घेत असतील, असं वाटलं. पण मग त्यांनी स्वतःच माझ्या तोंडात उत्तर का घातलं असतं? उलटसुलट सगळं तपासलं. एका कागदावर मांडूनही पाहिलं. काहीसुद्धा सापडलं नाही. त्या विचारत होत्या तेवढंच त्यांना हवं होतं. मार्चमध्येही तेवढंच होतं.

बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझे डोळे पाहून दारातच थांबली आणि काही न विचारता परत गेली.

त्यांना खरं सांगायला हवं, हे मला कळतंय. माझ्या मार्चमधल्या त्या खोट्या बिघाडापायी त्या नोकरी गमावून बसल्या आहेत, आणि उद्या सकाळी दुसऱ्यांदा माझ्यासाठी कोणाच्या तरी दारात उभ्या राहणार आहेत. नंबर समोरच आहे. पण आत्ता सांगितलं तर त्या उद्या जाणार नाहीत, शेजारी सोमवारी दर लावणार नाहीत, आणि ताईचं घर जाईल.

सोमवार एकदा पार पडू दे. मग सांगेन.